आरशातून बोलणारा रेडिओ

आमच्या सलूनवाल्याला सगळे रेडिओ म्हणतात. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की याच्या तोंडाचा पट्टा सुरू होतो, तो गळ्याभोवतीचं कापड झटकेपर्यंत थांबत नाही. गेली बावीस वर्षं मी दर रविवारी त्याच्याकडे दाढी करतो. घरी करता येत नाही असं नाही, पण घरी गावभरच्या बातम्या कोण सांगणार?

असा हा माणूस मुलाचा व्हिडिओ कॉल आला की गप्प व्हायचा. मुलगा नोकरीसाठी पाच वर्षांपूर्वी परदेशी गेला. बायको वारल्यापासून रेडिओला त्याच्याशिवाय कुणी नाही. आठवडाभर ‘रविवारी पोराचा फोन’ असा घोशा लावायचा आणि फोन आला की तो हातभर लांब धरून नुसता बघत राहायचा.

“बरा आहेस?”

“हो.”

“जेवलास?”

“हो, बाबा.”

“बरं, ठेवू?”

संपलं! मग दिवसभर चेहरा पाडून बसायचा. मला राग यायचा. एकदा म्हणालोच, “माझ्या मूळव्याधीची तासभर चौकशी करतोस आणि पोटच्या पोराशी बोलताना दातखीळ बसते होय रे?”

“तो असा डोळ्यांत डोळे घालून बघतो ना,” रेडिओ म्हणाला, “मला सुचतच नाही काही.”

दर रविवारचा फोन हळूहळू महिन्यावर गेला. मग एक दिवस मुलाने मलाच फोन केला. “काका, बाबा रागावलेत का माझ्यावर? त्यांना नको असेल तर नाही करत मी फोन.”

“गाढवा, करत राहा,” एवढंच म्हणालो. रेडिओच्या कानावर घातलं तेव्हा तो कोरडा वस्तरा कितीतरी वेळ पुसत राहिला.

पुढच्याच रविवारी फोन आला तेव्हा माझी अर्धी दाढी झाली होती आणि रेडिओचे हात फेसाने भरले होते. “धर रे जरा,” तो म्हणाला. मी फोन छातीशी धरला, पडदा समोरच्या आरशाकडे. आरशात फेसाळलेला मी, माझ्या हातात त्याचा मुलगा आणि मागे उभा रेडिओ. त्याने आरशात बघितलं आणि म्हणाला, “केस कुणी कापले रे? उंदराने कुरतडलेत का?”

मुलगा खो खो हसला आणि रेडिओ सुरू झाला. वीस मिनिटं! माझ्या गालावरचा फेस वाळून खपली झाली, पण मी हूं की चूं केलं नाही.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. या माणसाने जन्मभर गप्पा मारल्या त्या गिऱ्हाइकाच्या मागे उभं राहून, आरशात बघून. खुर्चीच्या हातांवर फळी टाकून बसवलेल्या स्वतःच्या मुलाशीसुद्धा तो तसाच बोलत आला होता. समोरासमोर बोलायची त्याला सवयच नव्हती.

आता रविवारी दहा वाजता रेडिओ ती खुर्ची रिकामी ठेवतो. डोकं टेकायच्या उशीला फोन टॉवेलने बांधायचा, पडदा आरशाकडे, आणि मागे रेडिओ. गिऱ्हाइकं कुरकुरली तर त्यांना गप्प करायचं काम माझ्याकडे.

गेल्या रविवारी मुलगा म्हणाला, “मागून बरे कापलेत का, बघा.” त्याने पाठ फिरवली आणि मान खाली घातली. रेडिओचा हात आपसूक पुढे गेला, डोकं धरायला. बोट पडद्यावर पडलं आणि कॉल कट झाला.

रेडिओचा चेहरा मला बघवेना. तेवढ्यात फोन पुन्हा वाजला.

“काय झालं, बाबा?”

“तुझं डोकं धरायला गेलो रे.”

मग मुलाने पुन्हा पाठ फिरवली, मान खाली घातली. रेडिओने दोन्ही हात पुढे नेले आणि फोनपासून दोन बोटं अंतरावर तसेच धरून ठेवले.

बऱ्याच वेळाने मुलाने मान न उचलताच विचारलं, “झालं, बाबा?”

“नाही अजून,” रेडिओ म्हणाला. “बस जरा.”