ताईच्या लग्नाच्या कॅसेटवरचा कुंग फू

गेल्या रविवारी दुपारी, डोंबिवलीत आमच्या हॉलमध्ये, मी तीस-बत्तीस वर्षं जुनी केस जिंकले. समोरची पार्टी म्हणजे माझी सख्खी मोठी बहीण.

आधी गुन्हा सांगते. मी तेव्हा आठवीत होते आणि कुंग फूच्या पिक्चरसाठी ठार वेडी... इतकी की कल्याणच्या आमच्या चाळीत पोरं मला नडायची नाहीत. कोणीही व्हीसीआर भाड्याने आणला की मी सगळ्यात पुढे जाऊन बसायचे.

एकदा एक जबरदस्त पिक्चर आला. पांढऱ्या दाढीचा गुरू, दिवसभर बादल्या उचलणारा चेला, तोंड मिटल्यावरही चालू राहणारे डायलॉग... सगळा माल होता त्यात. दुसऱ्या दिवशी कॅसेट परत जाणार होती आणि मला ती कायमची हवी होती.

शेजारच्या काकांचा व्हीसीआर आणि भाड्याचा व्हीसीआर मी वायरने जोडले. कोरी कॅसेट नव्हती, म्हणून कपाटातून ताईच्या लग्नाची काढली.

आता कॅसेटच्या पाठीवर प्लास्टिकची छोटी पट्टी असायची, ती तोडली की तिच्यावर दुसरं काही रेकॉर्ड होत नसे. व्हिडिओवाल्याने ती नीट तोडून दिलेली... मी तिथे सेलोटेप चिकटवला. ज्यांनी हे उद्योग केलेत त्यांना कळेल.

मला वाटलं, एक कॉपी ताईच्या सासरी असणारच. सासरच्यांना वाटत होतं, कॉपी माहेरी आहे. कॉपी एकच होती.

दोन महिन्यांनी ताई ती बघायला आली. नुसती हौस नव्हती... पाठवणीच्या वेळी गाडीत बसल्यावर तिने इकडेतिकडे पाहिलं तर सगळे दिसले, आई दिसली नाही. आईला विचारलं तर म्हणे, "होते की तिथेच." ताईला ते काही पटलं नव्हतं, म्हणून तिला कॅसेटमध्ये स्वतः बघायचं होतं.

कॅसेट लावली तर गुरू चेल्याला बदडतोय. पुढे पळवली तरी तेच, शेवटी टीव्हीवर नुसत्या मुंग्या. बाबांनी व्हीसीआर बंद केला, आईने मला धुतलं, आणि कॅसेट लोखंडी पेटीत गेली.

ताईने मात्र मला पुढे आयुष्यभर ऐकवलं. माझ्या लग्नात ऐकवलं, माझ्या मुलीच्या नामकरणाला ऐकवलं. आईला जाऊन आता अकरा वर्षं झाली, आणि त्यानंतर ताईचं बोलणं मला जास्तच लागायचं, कारण तिला आता विचारायलाही कोणी उरलं नव्हतं.

मागच्या महिन्यात शीळफाट्याच्या एका भंगारवाल्याकडे मला चालू व्हीसीआर मिळाला. कॅसेटला बुरशी आलेली, ती एका जुन्या मेकॅनिकने टेप हाताने फिरवत फिरवत पुसून दिली. खरं सांगते, हे सगळं मी पिक्चरसाठीच केलं... पन्नाशी जवळ आली म्हणून काय झालं.

रविवारी ताई आणि दाजी खडवलीहून जेवायला आले. कॅसेट बघितल्यावर ताई म्हणाली, "अजून ठेवलीयस ही? लाज कशी वाटत नाही गं तुला?" आणि टीव्हीकडे पाठ करून मेथी निवडत बसली.

दाजींनी आणि मी पिक्चर मस्त एन्जॉय केला. संपल्यावर मुंग्या आल्या, दाजी तिथेच घोरायला लागले, मी चहा टाकायला आत गेले. बंद करायला कोणी उठलंच नाही.

आणि पाच-दहा मिनिटांनी हॉलमधून आवाज आला... "अहो, तो लाइट जरा बाजूला घ्या, डोळे गेले माझे." आईचा आवाज.

मी गॅस तसाच सोडून बाहेर आले. ताईच्या हातात मेथीची जुडी होती आणि ती टीव्हीकडे वळून बसलेली.

मग माझी ट्यूब पेटली. तेव्हा मी रेकॉर्डिंग लावून जेवायला बसले होते, पिक्चर संपल्यावरही मशीन चालूच राहिलं, त्याच्या मुंग्या. नंतर मी येऊन बंद केलं. त्याच्या पुढचं लग्न जसंच्या तसं होतं, फक्त मुंग्या संपेपर्यंत थांबायचा धीर आमच्यात कोणालाच नव्हता.

बुद्धवंदना गेली होती, हार गेले होते. पण जेवणं होती, आहेर होता... आणि पाठवणी होती.

पांढऱ्या साडीतली ताई गाडीत बसली. मान वळवून वळवून शोधत होती. इकडे सोफ्यावरची ताई हळूच म्हणाली, "बघ... नाहीये ना."

गाडी सुरू झाली आणि कॅमेरावाला मागच्या बाजूला आला. मागची काच झेंडूच्या माळांनी पूर्ण झाकलेली, आणि त्या माळांमागे आई. डिकीवर हात ठेवून ती गाडीबरोबर चालत होती... पार कोपऱ्यापर्यंत. मग वळून कॅमेऱ्याला म्हणाली, "बस झालं, बंद करा आता," आणि कॅसेट संपली.

ताई हमसून हमसून रडली, मीही रडले. मग तिने नाक पुसलं आणि म्हणाली, "परत लाव." चार वेळा लावली.

तेव्हा मी माझी बाजू मांडली. कुंग फूचा पिक्चर दीड तासात आटोपतो... तीन तासांचा हिंदी पिक्चर उतरवला असता तर यातलं काही उरलं असतं का? ताईने मेथीची जुडी फेकून मारली, पण दाजींनी निकाल माझ्या बाजूने दिला. गाडी निघाल्यावरही कॅमेरा चालू ठेवणाऱ्या त्या व्हिडिओवाल्याचे मनापासून आभार.

संध्याकाळपर्यंत ताई फोनवर होती. मावशी, चुलतभाऊ, नणंदा... एकेकाला लावत गेली. व्हीसीआरचं, कॅसेटचं, माझं, कशाचंच नाव नाही. समोरच्याने हॅलो म्हटलं की एवढंच सांगायची, "ऐक ना... आई आलेली."