वटवट्याचा तिसरा सूर

सकाळचे सहा वाजून पन्नास मिनिटे. शिरड शहापूरजवळच्या सागाच्या जंगलात प्रभू एका धावड्याच्या झाडाखाली फोन उंच धरून उभा आहे. कळपाच्या म्होरक्या शेळीची घंटी त्याने आज सोडली आहे. ती रुमालात गुंडाळून खिशात आहे.

वर पानांखालचे किडे टिपत एक बोटभर पक्षी फिरतो आहे. पाठ हिरवट, डोळ्यावर फिकी भुवई. हा वटवट्या. असे दोन वटवटे दिसायला जवळपास सारखेच. नेहमीच्या वटवट्याची हाक दोन सुरांची, दुर्मिळाची तीन. हे त्याला हिंगोलीच्या किशनरावांनी सांगितले. निवृत्त शिक्षक आहेत, पक्ष्यांच्या नोंदी ठेवतात. प्रभूने आधी फोनवर टिपून पाठवलेल्या आवाजात तीन सूर होते, पण मध्ये घंटीही होती. ‘घंटी नको,’ असे त्यांनी कळवले.

जंगलाचा हा तुकडा तोडीला निघाला आहे. तोडीनंतर इथे पाच वर्षे चराईबंदी. प्रभूच्या शेळ्यांना दुसरे रान नाही. पक्षी दुर्मिळ ठरला तर किशनराव तोड थांबवण्यासाठी वनखात्याकडे अर्ज करणार होते.

घंटी नसल्याने शेळ्या पांगल्या. नाल्यापलीकडून बायको चांगुणाबाई ओरडली, “अवं, शेळ्या बगा की! अर्ध्या तिकडं, अर्ध्या इकडं!”

“गप जरा. पाखरू बोलून राहिलं.”

“बोलू द्या. त्येला कुठं चारा घालायचाय!”

आवाज मिळाला. प्रभूने तो लगेच पाठवला आणि शेळ्यांमागे धावला. साडेआठला किशनरावांचा फोन आला.

“प्रभू, आवाज स्वच्छ आलाय. सूर दोनच आहेत.”

“अन् तिसरा?”

“तो घंटीचा होता. मीही फसलो.”

“न्हाई सर. माह्या कानानं ऐकला म्या.”

“घंटी तुमच्या कानात मुरलीय. हा नेहमीचा वटवट्या, हिवाळ्यात कुठंही दिसतो.”

“बराबर बगितलं का?”

“तीनदा.”

“मंग अर्ज?”

“काय लिहू त्यात?”

प्रभूने फोन बंद केला. चांगुणाबाई शेळ्या वळवून शेजारी आली होती. तिने विचारले, “काय म्हनले सर?”

“साधंच हाय म्हने.”

वटवट्या त्याच झाडावर होता. प्रभूने वर पाहिले नाही.

तोडीच्या मजुरांचा ट्रॅक्टर उद्या सकाळी आठला येणार आहे. खूण केलेली पहिली झाडे नाल्याकाठची आहेत.