मागच्या तारखेची सही

"आधी सही, मग बोट," असं त्या एकदा भर बैठकीत म्हणाल्या, आणि तेव्हापासून सगळं इस्पितळ त्यांना नोंदबाई म्हणू लागलं.

संगणक विभागात त्यांची बावीस वर्षं गेली. यंत्र दुरुस्त करणं त्यांचं काम नव्हतं. कोण, कधी, काय बदलणार ते आधी वहीत लिहायचं, ज्याने हुकूम दिला त्याची सही घ्यायची, शेजारी आपली करायची. मगच कळफलकाला हात. वही कागदी. "परवानगी संगणकातच ठेवली, तर तो बंद पडल्यावर विचारायचं कुणाला?"

तंत्रज्ञ चिडवत, "बाई, माउस पुसू, की अर्ज करू?"

"कर. तीन प्रतींत," त्या मान वर न करता म्हणत.

महिनाअखेर त्यांची मुदतवाढ ठरायची होती. नवरा अंथरुणाला खिळलेला, आणि त्याचे उपचार बाईंची नोकरी असेपर्यंतच फुकट.

त्या सोमवारी औषधखिडकीचे संगणक तीन तास बंद पडले. रांग जिन्यापर्यंत गेली. काळ्या पडद्यांत माणसांना आपापलेच चेहरे दिसत राहिले. संचालकांनी रविवारी एका तंत्रज्ञाला परस्पर फोन करून औषधांची यादी बदलायला लावली होती, त्यातूनच हे झालं. वहीत नोंद नव्हती.

मंगळवारी चौकशी समिती बसायच्या आधी संचालकांनी बाईंना बोलावलं. टेबलावर वही होती. शेजारी मुदतवाढीचा कागद, सहीविना.

"बसा हो. रविवारची तारीख टाका नि सही ठोका, विषय संपला."

"रविवारी मी घरी होते, साहेब."

"कोण बघतंय? बरं, यजमान कसे आहेत?"

बाईंना त्यातली मेख कळली. संध्याकाळचं इंजेक्शन डोळ्यांसमोर आलं, पुढच्या महिन्यातलंही आलं. मग त्यांनी वही चाळली. बावीस वर्षांच्या ओळी. एक खोटी घुसली, की बाकीच्यांवर कुणी का विश्वास ठेवावा?

त्यांनी पेन उचललं. 'रविवारचा बदल. आधी परवानगी नाही. नोंद आज, मंगळवार, दहा वाजून पाच मिनिटं.' शेजारी सही केली. हुकूम देणाऱ्याची जागा मोकळी ठेवून त्यांनी वही संचालकांकडे फिरवली आणि पेन तिच्यावर ठेवलं.

"म्हणजे मुदतवाढ नकोच म्हणायची?"

बाईंनी पिशवी खांद्याला लावली, खुर्ची जागेवर सरकवली, आणि त्या बाहेर पडल्या.