मामांचं माघारी येणारं प्यादं

आमच्या सासऱ्यांशी, म्हणजे मामांशी, बुद्धिबळ खेळून जिवाला कंटाळला नाही, असा पुरुष अख्ख्या कडेगावात सापडायचा नाही. मामा फौजेतून हवालदार होऊन परतले, ते ट्रंकेत एक पट आणि डोक्यात एक कायदा घेऊन: प्याद्याला वाटेल तेव्हा एक घर मागे येता येईल! कुणी हरकत घेतली, की मिशीवर हात फिरवत म्हणायचे, "शिपाई माघारी येत न्हाई म्हणून कुणी सांगितलं? मी आलोय की!" प्यादी जायची, यायची, पुन्हा जायची. उसाच्या लागणीला मांडलेला डाव तो ऊस तुटून कारखान्याला गेला तरी चालूच.

मी माधवनगरचा, गिरणीतला कारकून. सांगलीकडच्या माणसाला बुद्धिबळाचा जरा ताठा असतोच, मला अंमळ जास्तच होता. बहात्तरचा दुष्काळ सरल्यावर मुलगी बघायला म्हणून गेलो. पोहे घेऊन ती आली आणि लग्न करीन तर हिच्याशीच, हे माझं ठरून गेलं. मामांनी मात्र ना शिक्षण विचारलं, ना नोकरी. सरळ पट मांडला. आई कानाशी पुटपुटली, "मेल्या, पोरगी बघायला आलायस का सोंगट्या?" पण मला जिंकून दाखवायचं होतं ना! मात अगदी टप्प्यात आली. त्यासाठी एक प्यादं त्यांच्या उंटाच्या तोंडी द्यायला हवं होतं. दिलं.

मामांचा हात थांबला. "मागं घ्या त्येला."

"राहू द्या की मामा. एका प्याद्यानं काय होतंय?"

मामांचा चेहरा पार उतरला. "आमी गावातनं तिघं भरती झालो हुतो, पाव्हणं. माघारी मी एकलाच आलो. एका प्याद्यानं काय हुतंय, असंच कुणीतरी म्हणालं आसंल."

मी गुमान प्यादं मागे घेतलं. पाठोपाठ घोडा गेला, वजीर गेला, डावही गेला. मामांनी आत वळून हाक दिली, "पोरगी दिली गं ह्यास्नी! च्या टाक." हरून बायको मिळवणारा पंचक्रोशीत मी एकटाच असेन.

त्यांच्या शेवटच्या दुखण्यात, मिरजेच्या दवाखान्यात, आम्ही खाटेवरच पट मांडला. त्यांच्या प्याद्यावर समोरून माझा हत्ती रोखलेला होता. मी म्हणालो, "मामा, घ्या की एक घर मागं."

त्यांनी प्याद्यावर बोट ठेवलं. मग हसले. "ऱ्हाऊ द्या, पाव्हणं. ती दोघं लय दिस वाट बघत्यात." आणि प्यादं एक घर पुढे सरकवलं.

हत्ती काही मी हलवला नाही.