मारुतीपुढचे हातमोजे

आमच्या तालमीचा फुटबॉल संघ यंदा खालच्या गटात घसरला. तेव्हापासून तालमीच्या कट्ट्यावर रोज वाद. “बाहेरनं खेळाडू आणूया,” बाळू म्हणतो. “आधी गोलकीपर बदला!” दिनू ओरडतो. काल तोच गोलकीपर, आमच्याच गल्लीतला संत्या, समोरनं आला आणि तालमीतल्या मारुतीपुढं हातमोजे ठेवून निघाला. “बास आप्पा, सोडला खेळ,” जाता जाता मला म्हणाला.

मी तिसरी शिकलेला. पण संघ उभा करताना कोण येणार याच्याआधी कोण चाललंय ते बघायचं, एवढं मला कळतं. घामानं कडक झालेले ते मोजे उचलून मी त्याच्या छातीवर आपटले. “मारुतीला कुठं गोल अडवायचाय रं?”

सगळे हसले. दिनू तेवढा हसला नाही. कट्ट्यावर सरकून त्यानं संत्याला जागा केली.