जगदाळे गुरुजी ओटीपी सांगत नाहीत

डोळे मिटत आलेत, पण मिटायच्या आधी एक सांगून ठेवतो. ऑनलाइन फॉर्म नावाच्या प्राण्याला मी घाबरत नाही. लग्नाची नोंदणी असो, गाडीचं लायसन्स असो, नाहीतर सरपंचांच्या म्हशीचा विमा, आख्खी कोरेवाडी कागदं घेऊन माझ्याकडं येते आणि चहा गार व्हायच्या आत मी फॉर्म पाठवून मोकळा होतो. दिगूने बटण दाबलं की पावती आलीच, असं गावात बोललं जातं. मीच बोलतो, पण बोललं जातं.

त्याच दिगूला आज सकाळपासून एका फॉर्मने दोनदा तोंडावर आपटलंय.

फॉर्म आहे ‘वारसमित्र’चा. मेलेल्या माणसाची मिळकत वारसाच्या नावावर करून देणारी ऑनलाइन सेवा. पहिल्या पानावर हात जोडलेली एक गोरीपान बाई, आणि तिच्या पायाशी लिहिलंय, ‘तुमच्या दुःखात, एका क्लिकवर’. त्या एका क्लिकच्या पुढं सत्तावीस पानं आहेत.

माझे मामा, श्रीरंग जगदाळे, कोरेवाडीच्या शाळेचे एकतीस वर्षं मुख्याध्यापक. चैत्रात वारले. लग्न केलं नव्हतं. दोन खोल्या आणि पडवी असं घर मागं ठेवलं. वडील गेल्यापासून माझी आई त्या घरात राहते, बावीस वर्षं झाली. मामांना वारस म्हणजे हीच एक सख्खी बहीण. आज संध्याकाळी पाचपर्यंत अर्ज गेला नाही तर घर बेवारस यादीत जाणार आणि दाराला सरकारी कुलूप लागणार. मग आईला माझ्याकडं यावं लागेल. मी राहतो दूध डेअरीच्या वरच्या खोलीत, जिथं लोखंडी शिडीने चढावं लागतं. आईच्या गुडघ्यांना देवघरासमोरून उठतानाच घाम फुटतो.

तीन प्रयत्न मिळतात. दोन संपलेत.

पहिल्या वेळी वारसमित्र म्हणाला: ‘मृत व्यक्ती व अर्जदार यांची जन्मतारीख एकच आहे. जुळे असल्यास प्रसूतिगृहाचा दाखला जोडा.’

आता ह्या शहाण्याला कोण सांगणार, की आमच्याकडं एका वयाच्या वरचं आख्खं गावच एक जूनला जन्मलंय! पूर्वी पोरांना शाळेत घालायला आणायचे तेव्हा जन्मतारीख कुणालाच ठाऊक नसायची. शाळा जूनमध्ये उघडायची, म्हणून हेडमास्तर सरसकट एक जून लिहायचे, आणि वर्ष टाकायचे पोराची उंची बघून. मामा आणि आई एकाच दिवशी शाळेत गेले. मामा आठ वर्षांचे, आई सहाची, पण आई हाडापेरानं थोराड. भिंतीला उभं केलं तर दोघं सारखी भरली. दोघांनाही एक जून एकोणीसशे पन्नास.

दुसऱ्या वेळी मी ‘जुळे नाहीत’ यावर खूण केली. वारसमित्र म्हणाला: ‘तर मग यातली एक नोंद दुबार आहे.’

पोटात आईच्या हातचा वरणभात आहे. खिडकीतून ऊन येऊन लॅपटॉपवर बसलंय.

“दिगू, जरा आडवा हो,” आई म्हणते. “त्या डबड्याकडं बघून डोळे कसे झालेत. झोपलास म्हणून ते काय पळून जाणाराय?”

“पाच वाजता पळून जाणाराय, आई.”

“मग मी साडेचारला उठवते.”

मी टेबलावरच मान टाकतो. स्क्रीनवर ते गोल चाक फिरतंय. फिरतंय. फिरता फिरता त्याची चष्म्याची काच होते, मग शेजारी दुसरी काच येते.

“पाठीत बाक काढून बसू नये,” चष्मा म्हणतो.

“मामा?”

“शाळेच्या वेळेत मामा नाही. गुरुजी.”

कोट, पांढरी टोपी, खिशाला तीन पेनं. सरणावर ठेवताना दोनच होती, चांगलं होतं ते मी काढून घेतलं होतं. त्यांनी ते परत मिळवलेलं दिसतंय, पण त्याबद्दल ते बोलत नाहीत आणि मीही विषय काढत नाही.

ते लॅपटॉपवर वाकतात. नापास पोराची वही बघावी तसे बघतात.

“हे कुणी तपासलं?”

“कॉम्प्युटरनं.”

“त्याचं शिक्षण?”

“शिक्षण असं नसतं हो त्याला.”

“वाटलंच,” मामा म्हणतात. “अक्षर सुंदर आणि डोक्यात काही नाही. असली पोरं मी पुढच्या बाकावर बसवायचो. साहेब तपासणीला आले की बरं दिसतं.”

मी ‘नातं निवडा’ यावर बोट ठेवतो. यादी खाली उलगडते आणि उलगडतच जाते, आणि आम्ही दोघं तिच्यावरून उतरतोय. प्रत्येक पायरीवर एक नातं लिहिलंय आणि त्यावर तो नातेवाईक टोकन धरून बसलाय. साडू. व्याही. मावससासू. आतेभावाची मेहुणी. मानलेला भाऊ. मानलेल्या भावाचा न मानलेला भाऊ. सगळे मामांना उठून नमस्कार करतात, आणि मामा प्रत्येकाला म्हणतात, “बस, बस, पाढे म्हण.”

“बहीण कुठल्या पायरीवर?” मी साडूला विचारतो.

“बहीण ‘इतर’मध्ये,” साडू म्हणतो. “सरळ खाली जा. मुतारीच्या शेजारी.”

सरळ खाली शाळेचं ऑफिस आहे. तेच लाकडी कपाट, तोच हजेरीपटांचा वास. फक्त मामांच्या खुर्चीत ती हात जोडलेली बाई बसलीय. तिचे हात सुटत नाहीत. बहुतेक तसेच छापलेत.

“नमस्कार, मी सांत्वना,” ती म्हणते. “तुमच्या दुःखाबद्दल वाईट वाटलं. तुमचं दुःख यापैकी कोणतं? घरासाठी एक दाबा. शेतासाठी दोन दाबा. नुसतंच दुःख असेल तर कृपया रांगेतून बाहेर व्हा.”

“ऊठ,” मामा म्हणतात. “ती खुर्ची माझी आहे.”

“त्याआधी, आपण यंत्र नाही याची खात्री करा.”

मामा चष्मा कपाळावर सरकवतात. “मी यंत्र नाही हे मी लिहून द्यायचं? आणि हिनं काय लिहून दिलंय?”

“मामा, वाद घालू नका. तिच्या हातात आहे सगळं.”

“तिचे हात चिकटलेत, तुला दिसत नाही का?”

सांत्वना गोड हसते. “मृत्यूचा दाखला दोनशे केबीच्या आत असावा. आपण जोडलेला दाखला दोनशे बारा केबीचा आहे. कृपया मृत्यू थोडा लहान करून पुन्हा जोडा.”

 कपाटावरची पाल थांबते.

“म्हणजे मी बारा केबी जास्त मेलोय?” मामा विचारतात.

“सध्या आपण मेलेलेच नाही,” सांत्वना म्हणते. “दाखला नामंजूर आहे.”

मामांना हे आवडतं. मला स्पष्ट दिसतं की आवडतं. कोट खाली ओढून ते ताठ होतात.

“बघ. हिला अक्कल नाही, पण नियम माहितीय.”

“ओटीपी मृत व्यक्तीच्या मोबाईलवर पाठवला आहे,” सांत्वना म्हणते, आणि मामांच्या कोटात टुणकन वाजतं.

ते खिशातून मोबाईल काढतात. बटणांचा, रबरबँड लावलेला. हातभर लांब धरून वाचतात, ओठ हलवत, आणि परत खिशात टाकतात.

“आला का?”

“आला.”

“सांगा मग.”

“ओटीपी कोणालाही सांगू नये.”

“मामा, मी आहे. भाचा.”

“‘कोणालाही’मध्ये भाचा येतो. बँकेचा माणूस शाळेत येऊन दोन तास सांगून गेला होता. मी मुलांकडून शंभर वेळा लिहून घेतलं होतं.”

“अहो, ज्यांचं सगळं लुबाडतील अशा जिवंत माणसांसाठी असतं ते!”

“सवलत मागू नको. तुझी सहावीपासूनची सवय आहे.”

मी हात जोडतो. आता खोलीत हात जोडलेले दोघं झालो, मी आणि सांत्वना, आणि दोघांचाही सारखाच उपयोग. “मामा, आईचं घर जाईल. पाच वाजता कुलूप लागेल. मग ती डेअरीच्या शिडीवरून कशी चढणार?”

मामा खिशावरचा हात काढतात.

“वत्सूचं घर?”

“तुमचं होतं. आता तिचं व्हायला पाहिजे.”

ते भिंतीकडं वळतात, आणि तिथं भिंतीला टेकून दोन पोरं उभी आहेत. एक टोपीवाला मुलगा, पायात काही नाही. शेजारी त्याच्याच उंचीची, नाक ओढणारी मुलगी, तिनं त्याच्या सदऱ्याचं टोक मुठीत धरलंय. ती आई आहे. हनुवटीवरून कळतं. कुणीतरी दोघांच्या डोक्यावर आडवी पट्टी ठेवतंय.

“हिला त्या दिवशी आणायचं ठरलं नव्हतं,” मामा म्हणतात. “घरी एकटी राहीना. रस्ताभर मागं मागं आली, रडत. हेडमास्तर म्हणाले, आलीच आहे तर हिलाही घालू. तारीख काय? मी म्हटलं, माझीच घाला.”

“म्हणजे हा घोळ तुम्ही केलात?”

“घोळ काय? ती गप्प झाली लगेच. एका तारखेत.”

“आणि पुढं एकतीस वर्षं आख्ख्या गावाला तीच चिकटवलीत.”

“सगळ्या गावाचा वाढदिवस एका दिवशी. पाठ करायची गरज नाही, विसरायची सोय नाही. सुचलं असतं का तुझ्या कॉम्प्युटरला?” त्यांनी माझ्या खांद्याला कोपर लावलंय. “सरक. तुला सांगणार नाही. मीच घालतो.”

ऑफिस आता पडवी आहे, सांत्वना तुळशीच्या कट्ट्यावर बसलीय, आणि लॅपटॉप मामांच्या मांडीवर. परीक्षेत शेजारच्यापासून उत्तर झाकावं तसं डाव्या हाताने झाकून ते उजव्या हाताच्या एका बोटाने आकडे दाबतात. एक. थांबतात. दुसरा. मी मान वळवून बघायचा प्रयत्न करतो.

“कॉपी,” ते न बघता म्हणतात.

ओटीपी लागतो. पान उघडतं. दोन ओळी आहेत. श्रीरंग गोविंद जगदाळे, एक जून एकोणीसशे पन्नास. वत्सला गोविंद जगदाळे, हे आईचं शाळेतलं नाव, एक जून एकोणीसशे पन्नास. खाली: ‘एक नोंद ठेवा. एक वगळा. वगळलेली व्यक्ती मृत समजण्यात येईल.’

“आईला ठेवा,” मी म्हणतो. “मामा, आईला ठेवायचं, तुम्हाला वगळायचं.”

“का?”

“तुम्ही वारलात हो.”

“दाखला नामंजूर आहे. दाखल्याशिवाय मी एक दिवसाची किरकोळ रजासुद्धा घेतली नाही आणि तू मला थेट मरायला सांगतोस?”

“मामा, मीच अग्नी दिलाय!”

“त्याची पावती आहे?”

पावती नाही. मी, पावत्यांचा दिगू, खिसे चाचपतो.

“पटावर एकच विद्यार्थी दोनदा लागला तर काय करतात?” मामा विचारतात. आवाज थेट वर्गातला. “पहिली नोंद कायम, मागाहून आलेली दुबार. आधी माझं नाव लागलं. वत्सू माझ्या मागून आली.”

“घर जाईल तिचं!”

“कसं जाईल? घर माझं राहिलं म्हणजे ती राहतेच की त्यात. बावीस वर्षं राहिली तेव्हा कुणी फॉर्म भरला होता का?”

याला उत्तर असणार. जागा असतो तर सापडलं असतं. मी त्यांचा हात धरायला जातो तर हातात कोटाची नुसती बाही येते, आणि तुळशीच्या कट्ट्यावरून सांत्वना पाठ केल्यासारखी म्हणते, “आपलं दुःख निकाली काढण्यात येत आहे, कृपया पान बंद करू नका.” मामा बोट उचलतात, चष्म्यातून एकदा माझ्याकडं बघतात, तुला एवढंही येईना, अशा नजरेनं, आणि दाबतात.

“दिगू. अरे दिगू, ऊठ. साडेचार झाले.”

मी मान उचलतो. गालावर टेबलाची कड उमटलीय. आई चहा घेऊन उभी आहे, आणि मी आधी लॅपटॉपच्या बटणांकडं बघतो. एंटरच्या बटणावर एक पांढरा ठसा आहे. एका बोटाचा, जाड, वरून जोरात दाबलेला. मी पुसतो तर पीठ बोटाला लागतं. खडू आहे. मामांनी शाळा सोडली तेव्हापासून ह्या घरात खडू नाही.

स्क्रीनवर हिरव्या चौकटीत लिहिलंय: ‘अर्ज स्वीकारला. प्रयत्न तीनपैकी तीन.’

“झालं का?” आई विचारते.

“गेलाय अर्ज.”

“मग घर राहिलं?”

“बघतो.”

“बघतो काय? सकाळपासून बघतोयस. घे, चहा घे आधी.”

फडताळात तिचा मोबाईल वाजतो. ती तो माझ्यासमोर धरते, कारण चष्मा देवघरात आहे. “काय आलंय बघ रे. मोठं दिसतंय.”

मी वाचतो. ‘प्रिय श्रीमती वत्सलाताई, आपल्या निधनाने आपल्याला झालेल्या दुःखात वारसमित्र परिवार सहभागी आहे. आपले वारस श्री. श्रीरंग जगदाळे यांनी सोमवारी सकाळी अकरा वाजता अंगठा देण्यासाठी समक्ष हजर राहावे. गैरहजर राहिल्यास घर बेवारस यादीत टाकण्यात येईल.’