कुसुमचं गोरेपण

माझं अक्षर किरटं, ऱ्हस्व-दीर्घ तर कधी जमलंच नाही. चौथीत शाळा सुटली. कोणाच्या हाती हे लागलंच तर सांभाळून घ्यावं. कुसुम, माझी धाकटी जाऊ, गेली त्याला महिना होऊन गेला आणि मला अजून तिचा हेवा वाटतो... तोंडाने कोणाला सांगणार?

लग्न होऊन आली तेव्हा ती माझ्यापेक्षा जराशी उजळ, एवढंच. तिचे वडील आमच्यासारखेच इकडे उत्तरेत राहिलेले मराठी, टहरौली गावी शाळेत कारकून. पावसाळा सरता सरता माहेरी गेली आणि थंडीताप घेऊन परतली. एक दिवसाआड हुडहुडी भरायची, अंगावर गोधड्यांचा ढीग. डॉक्टरांच्या गोळ्या होत्या, पण त्यांनी तोंड कडू होतं म्हणून ताप उतरला की पुडी फडताळात. मग पुन्हा ताप. आणि दर तापानंतर कुसुम आणखी गोरी.

हळदीकुंकवाला शेजारची मिश्राइन म्हणाली, "अम्मा, तुमाई छोटी बहू तो दिन-दिन गोरी होत जा रई! का खबाउतीं?"

"केशर-दूध," सासूबाई खुशीत म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून, "हिला पाजलं तर दूधच काळं व्हायचं."

सगळ्या हसल्या. कुसुम नाही हसली. स्वयंपाकघरात मला म्हणाली, "जाऊबाई, जिना चढले की छाती धडधडते हो."

"सुंदर माणसांचं असंच असतं," मी म्हटलं.

पुढे एका सकाळी ती पाणी भरताना कोसळली. सीपरीच्या डॉक्टरांनी तिची पापणी खाली ओढून पाहिली. "अम्माजी, ये गोरापन नहीं है. खून ही नहीं बचा." मग त्यांनी समजावलं. मलेरियाचे जंतू रक्तातल्या लाल पेशींत शिरतात, तिथेच वाढतात आणि पेशी फोडून बाहेर पडतात. दर तापाला हेच. नव्या पेशी बनायच्या आत जुन्या संपतात. पोटातली पाणथरी, म्हणजे प्लीहा, सुजलेली, तीही पेशी गिळत होती. रक्त चढवलं, पण उशीर झाला होता...

मागच्या आठवड्यात बैठकीत तिचा फोटो लागला. माझ्याकडे लग्नानंतरचा होता, गव्हाळ, भरल्या गालांचा. सासूबाईंनी बड्या बाजारातून मोठा करून आणला तो आजारपणातला.

"आई, ह्यात तिच्या अंगात रक्त नाही," मी पहिल्यांदाच उलट बोलले.

"गेलेलीचंही गोरेपण बघवत नाही तुला!"

नाहीच बघवत. रोज उदबत्ती मात्र मीच लावते. काचेत तिच्या पांढऱ्या चेहऱ्यावर माझा सावळा चेहरा येतो, आणि सासूबाईंची चाहूल लागेपर्यंत मी तिथून हलत नाही.